फालेआलुपोचं देणं

एपेनेसा माउइगोआ या बाईंना मी कधी पाहिलं नाही. सामोआ हा प्रशांत महासागरातला बेटांचा देश. तिथं झाडपाल्याचं औषध देणाऱ्या ज्या जाणत्या बायका होत्या, त्यांतल्या या एक. ममाला नावाच्या झाडाचा काढा कसा करतात आणि कुणाला देतात, हे त्यांनी १९८०च्या दशकात एका परदेशी वनस्पतिशास्त्रज्ञाला समजावून सांगितलं. त्या सांगण्यातून पुढं जे निघालं, त्यात माझं शिक्षण, माझी नोकरी आणि माझ्या घरातलं एक आजारपण गुंतत गेलं. माझ्यावर कुणाकुणाचं ऋण आहे हे आठवू लागले की आई-वडिलांनंतर आत्याचं नाव येतं आणि आत्याच्या लगोलग या बाईंचं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तासगाव तालुक्यात आमचं गाव. थोडी द्राक्षबाग, बाकी कोरडवाहू. आत्याला शेजारच्या तालुक्यात दिली होती. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी तिचा नवरा खंगत खंगत गेला. दिवस झाल्यावर सासरच्यांनी तिचं रक्त तपासून आणलं, आणि कागद हातात पडला त्याच आठवड्यात तिची ट्रंक आमच्या दारात ठेवून ते निघून गेले. सांगली जिल्ह्याला तेव्हा एचआयव्हीची फार मोठी झळ लागली होती. अशा ट्रंका अनेक माहेरांच्या दारात आल्या, आणि काही दारांतून परतही गेल्या. वडिलांनी आत्याची ट्रंक उचलून आत नेली. आईनं तिच्यासाठी वेगळं ताट काढलं नाही. गावात तेव्हा या दोन गोष्टींची चर्चा झाली. मी त्या दोघांची मुलगी आहे याचा मला आजही अभिमान वाटतो.

मी त्या वेळी बी. फार्म.ला होते. औषधी वनस्पतींचा विषय मला आवडायचा. सुंठ, ज्येष्ठमध, सोनामुखी यांची चूर्णं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, पेशींच्या ठेवणीवरून कोणती वनस्पती ते ओळखायचं. सुट्टीत घरी गेले की आत्या द्राक्षबागेतून येऊन माझ्या वह्या चाळायची. तिला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं, चित्रं पाहून झाडं मात्र ती माझ्याआधी ओळखायची.

ज्यांना कुठंच औषध मिळत नाही अशी माणसं जिकडं वळतात, तिकडंच आत्याही वळली होती. मोठ्या शहरातल्या रुग्णांनाही परवडत नव्हत्या अशा गोळ्या तेव्हा होत्या, पण त्या आमच्यासाठी नव्हत्याच. मग एकानं सांगितलेला काढा, दुसऱ्यानं दिलेलं भस्म, आणि एक महाशय होते ज्यांनी सहा महिन्यांत रक्त 'साफ' करून देण्याची हमी दिली. त्यांच्यापायी आत्याच्या पाटल्या गेल्या. त्यांच्या पुड्यांत काय होतं हे मला कधीच कळलं नाही. एका दिवाळीत अंगणात बसल्या बसल्या आत्यानं मला विचारलं, "पोरी, तू झाडपाल्याचंच शिकतीस न्हवं? एवढ्या रानाला एवढी झाडं हायेत. ह्येचं औषध त्यातल्या एकात बी नसंल व्हय?"

हा प्रश्न मला भाबडा वाटला नाही. किनाइन सिंकोनाच्या सालीतून आलं, मॉर्फिन अफूतून, रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिंक्रिस्टिन आपल्या परसातल्या सदाफुलीतून. मग एचआयव्हीवरच झाडानं का गप्प बसावं? कॉलेज सुरू झाल्यावर मी आत्याचा प्रश्न, आत्याचं नाव न घेता, आमच्या सरांपुढं ठेवला.

सर औषधी वनस्पती शिकवायचे. त्यांनी वर्गात उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या १९९४च्या एका लेखाची झेरॉक्स माझ्या हातात दिली. लेखक पॉल अॅलन कॉक्स आणि मायकेल बॅलिक. सर म्हणाले, "वाच. समजलं नाही तिथं खूण कर. आणि एक लक्षात ठेव, यातलं रसायन नंतर. आधी ते झाड कुणी दाखवलं ते बघ." एपेनेसाबाईंचं नाव मला भेटलं ते त्या लेखाच्या निमित्तानं.

कॉक्स पहिल्यांदा सामोआला गेले ते १९७३ साली, तरुण वयात, धर्मप्रचाराच्या कामासाठी. भाषा तिथंच शिकले. पुढं वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. १९८४ साली त्यांची आई स्तनाच्या कर्करोगानं गेली, आणि त्या दुःखात, आपल्या विद्येचा अशा रोगावर काही उपयोग होईल का हे शोधायला ते बायकामुलांसह पुन्हा सामोआत जाऊन राहिले. सवाईई बेटाच्या पश्चिम टोकाला फालेआलुपो नावाचं खेडं आहे, तिथं. घरातल्या माणसाच्या आजारानं माणूस विद्येकडं वळतो हे मला तेव्हा दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिथल्या जाणत्या बायका ममालाचं खोड काविळीवर देत. खोड ठेचायचं, फडक्यात बांधायचं, उकळत्या पाण्यात सोडायचं आणि ते पाणी रोग्याला पाजायचं. त्यांचं म्हणणं असं होतं की या झाडाचे दोन प्रकार आहेत, त्यांतला एकच औषधाचा. आणि झाडही ठरावीक आकाराचंच हवं. कॉक्स यांनी हे सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं आणि नमुने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडं पाठवले. ती संस्था त्या काळात जगभरच्या जंगलांतून वनस्पती मागवून एचआयव्हीविरुद्ध तपासत होती. १९९२ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ममालाच्या खोडातल्या प्रोस्ट्राटिन या रसायनामुळं एचआयव्हीपासून पेशींचं रक्षण होतं. हेच रसायन त्याआधी न्यूझीलंडमधल्या पिमेलिया नावाच्या झुडपातून वेगळं काढलेलं होतं. तिथं त्या झुडपाची ओळख जनावरांना विषबाधा करणारं तण अशी होती. एकाच रसायनाला एका बेटावर विष म्हणून ओळखत होते आणि दुसऱ्या बेटावर, योग्य झाड, योग्य भाग, योग्य कृती ठाऊक असल्यामुळं, औषध म्हणून. मला यातली दुसरी ओळख फार मोलाची वाटते. ती प्रयोगशाळेत लागलेली नव्हती.

काविळीचं औषध म्हटल्यावर मला आमचा तालुका आठवला. आपल्याकडं चार गावं सोडून एखादी तरी म्हातारी असते जी काविळीचं औषध देते, पैशाला हात लावत नाही, आणि पथ्य मोडलं तर रागावते. एपेनेसाबाई मला एकदम ओळखीच्या वाटल्या. त्या लेखातलं इंग्रजी मला निम्मं कळलं होतं, तरी त्यातली बाई पूर्ण कळली.

सरांचं देणं इथूनच सुरू होतं. त्यांनी मला एम. फार्म.ला याच विषयात घातलं, आणि सुट्टीत आम्हा चार-पाच विद्यार्थ्यांना स्वतःच्या खर्चानं कोकणात नेलं. वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्रकाठच्या एका देवळामागं उंडीचं झाड होतं. उंडीचं तेल कोकणात पूर्वी दिव्याला जाळत आणि होड्यांच्या लाकडाला लावत, हे त्यांनी तिथल्याच एका खलाशाच्या तोंडून आम्हाला ऐकवलं. मग त्या झाडाखाली बसून त्यांनी उंडीच्या नात्यातल्या दुसऱ्या एका झाडाची गोष्ट सांगितली.

बोर्निओ बेटावर मलेशियाचं सारावाक राज्य आहे. तिथं लुंडूजवळच्या दलदलीच्या जंगलात १९८७ साली संशोधकांनी एका झाडाची पानं आणि डहाळ्या गोळा केल्या. त्यांतून कॅलॅनोलाइड ए हे रसायन मिळालं. एचआयव्ही आपल्या आरएनएचा डीएनए करून घेतो, त्या कामाला जे विकर लागतं ते हे रसायन अडवून धरतं. आनंदी आनंद झाला. आणखी नमुना आणायला माणसं परत त्याच जागी गेली तर झाड तोडलेलं होतं. आसपासच्या त्याच जातीच्या झाडांतून ते रसायन मिळेना. शेवटी सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेल्या झाडांनी मदत केली, आणि जवळच्याच एका जातीच्या चिकात कॅलॅनोलाइड बी हे भावंड सापडलं. चीक काढायला झाड तोडावं लागत नाही. १९९६ साली सारावाक सरकार आणि एक अमेरिकी कंपनी यांनी मिळून औषधासाठी संयुक्त कंपनी काढली. माणसांवर पहिल्या टप्प्याच्या चाचण्याही झाल्या. औषध मात्र बाजारात आलं नाही. आपल्या उंडीतही इनोफिलम नावाची याच घराण्यातली रसायनं आहेत, आणि त्यांतली काही तेच विकर अडवतात, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेलं आहे. सरांनी त्या दिवशी आमच्याकडून उंडीचं एक पान तोडून घेतलं आणि झाडाला हात लावून नमस्कार केला. आम्हीही केला.

मला इथं थोडं थांबून एक सांगायला हवं. वनस्पतींतून एचआयव्हीवर औषध शोधण्याच्या या वाटेवर बरेच चांगले उमेदवार मधेच राहिले. भूर्जाच्या सालीत मिळणाऱ्या बेट्युलिनिक आम्लापासून बेव्हिरिमॅट तयार झालं, दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत गेलं, पण बऱ्याच रुग्णांमधला विषाणू जन्मतःच त्याला दाद न देणारा निघाला. कॅमेरूनच्या जंगलातल्या वेलीतलं मिकेलामाइन बी शरीराला सोसवेना. आपल्या कालमेघातल्या अँड्रोग्राफोलाइडची अमेरिकेत रुग्णांवर छोटी चाचणी झाली. तीही दुष्परिणामांमुळं लवकर थांबवावी लागली. आत्याच्या एका काढ्यात कालमेघ असायचाच, त्याच्या कडवटपणावरून मी तो ओळखला होता. झाडात गुण आहे म्हणून काढ्यानं रोग जातो असं होत नाही. मधे मात्रा आहे, शुद्धता आहे, शरीर आहे. हे मी वर्गात दरवर्षी सांगते आणि सांगताना माझा आवाज चढतो, कारण माझ्या डोळ्यांपुढं पाटल्या असतात.

आत्याला वाचवलं ते गोळ्यांनी. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, तेव्हा तीच औषधं परदेशी कंपन्यांकडून घ्यायची तर वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पडत. जगभरच्या गरीब देशांचा हिशोब त्या एका आकड्यानं बदलला. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारनं काही मोठ्या रुग्णालयांतून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, द्यायला सुरुवात केली आणि पुढं जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं निघाली. एचआयव्ही ज्या सीडी-४ पेशींवर हल्ला करतो, त्यांची आत्याच्या रक्तातली संख्या तोवर धोक्याच्या पातळीखाली घसरली होती. तिचं नाव केंद्रात नोंदलं गेलं तेव्हा मी तिच्यासोबत होते.

केंद्रात एक समुपदेशक ताई होत्या. त्यांचंही माझ्यावर ऋण आहे. आत्याच्या पिशवीत गोळ्यांबरोबर काढ्याची बाटली दिसल्यावर त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी बाटली हातात घेतली, वास घेतला, आणि म्हणाल्या, "मावशी, हे चांगलं की वाईट ते मी सांगत नाही. पण गोळी पोटात गेल्यावर तिला तिचं काम करू द्या. दुसरं काही घेतलंत की गोळीचा जोर कमी होऊ शकतो." मी औषधशास्त्र शिकलेली, मला माहीत होतं की त्या अगदी बरोबर बोलत आहेत. सेंट जॉन्स वर्ट या युरोपीय वनस्पतीमुळं इंडिनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण सरासरी ५७ टक्क्यांनी घटतं हे २००० सालीच दाखवलं गेलं होतं. लसणाच्या गोळ्यांनी साक्विनाविर या दुसऱ्या औषधाचं प्रमाण निम्म्यावर आल्याचंही सिद्ध झालं होतं. सेंट जॉन्स वर्टमुळं यकृत औषध लवकर मोडून बाहेर काढायला लागतं, आणि विषाणूला सवड मिळते. पण हे मी आत्याला सांगितलं असतं तर तिला ते पुस्तकातलं वाटलं असतं. ताईंनी बाटलीचा वास घेतला, म्हणून आत्यानं त्यांचं ऐकलं. रुग्णाच्या श्रद्धेला हात न लावता त्याला औषधावर आणायचं, ही विद्या मी त्या ताईंकडून शिकले, आणि माझ्या विद्यार्थ्यांना ती मी जशीच्या तशी देते.

गोळ्या लागू पडल्या. आत्या अंगानं भरली, पुन्हा द्राक्षांच्या छाटणीला जाऊ लागली. काही वर्षांनी तिच्या रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला. तो कागद घेऊन ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "मग आता गोळ्या बंद करायच्या न्हवं?"

या प्रश्नाच्या उत्तरातच प्रोस्ट्राटिनचं खरं मोल आहे.

एचआयव्ही आपल्या काही पांढऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये स्वतःचा डीएनए शिवून टाकतो आणि त्यांतल्या काही पेशी मग निवांत झोपून राहतात. त्या विषाणू तयार करत नाहीत, म्हणून गोळ्या त्यांना काही करू शकत नाहीत, आणि शरीराचं संरक्षण दलही त्यांना ओळखत नाही. हा झोपलेला साठा १९९७ साली स्पष्टपणे दिसला. तो इतका सावकाश झिजतो की गोळ्यांच्या भरवशावर तो आपोआप संपायला सत्तर वर्षांहून अधिक लागतील असा हिशोब निघाला. गोळी बंद केली की काही आठवड्यांत तो साठा जागा होतो आणि रोग परत येतो. म्हणून आत्याला गोळी जन्मभर.

प्रोस्ट्राटिन या झोपलेल्या पेशींना जागं करतं. पेशीतलं प्रोटीन कायनेज सी नावाचं विकर ते चालू करतं, त्यातून एकेक निरोप पुढं जातो आणि दडलेला विषाणू बाहेर पडायला लागतो. त्याच वेळी ते निरोगी पेशींवरचे, विषाणूला आत शिरायला लागणारे, खुंटे कमी करतं, म्हणजे जागा झालेला विषाणू नव्या पेशीत घुसू शकत नाही. जागा झालेली पेशी मग शरीराला दिसते आणि मारता येते, अशी ती कल्पना. १९९२ साली ज्या रसायनाकडं नुसतं विषाणूविरोधी म्हणून पाहिलं गेलं, त्याच्यात साठ्यावर हल्ला करायची ताकद असेल, हे नंतर कळलं. काविळीच्या काढ्यासाठी राखलेल्या झाडानं एवढं मोठं दार किलकिलं केलं.

इथं आपल्या घरातली एक वनस्पती येते, ती म्हणजे जमालगोटा. आजीच्या काळी जालीम जुलाबासाठी वापरायचे तो. आयुर्वेदात जयपाळ, शुद्ध करूनच वापरायचा, इच्छाभेदी रसात असतो. त्याच्या तेलात फोर्बॉल असतं. या फोर्बॉलची काही भावंडं कातडीवर गाठी वाढवायला मदत करतात, म्हणून प्रयोगशाळांत ती कुप्रसिद्ध आहेत. प्रोस्ट्राटिनचा सांगाडा तोच; फक्त बाराव्या जागेवरचा एक ऑक्सिजन नाही. आणि ते गाठी वाढवत नाही, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. २००८ साली स्टॅनफर्डच्या पॉल वेंडर यांनी जमालगोट्याच्या तेलातल्या फोर्बॉलपासून मोजक्या पायऱ्यांत प्रोस्ट्राटिन बनवून दाखवलं. तोवर ते ममालाच्या लाकडातून काढावं लागे आणि एका ग्रॅम लाकडात ते मायक्रोग्रॅमच्या हिशोबात मिळे, तेही झाडागणिक वेगळं. कुठलंही ममाला चालत नाही हे त्या बायकांचं म्हणणं किती सूक्ष्म निरीक्षणातून आलं असेल! वेंडर यांची बातमी वाचली त्या दिवशी मी वर्गात जमालगोट्याच्या बिया घेऊन गेले आणि सगळा तास त्यावरच बोलले.

पण फालेआलुपोचं देणं मी मानते ते रसायनापेक्षाही दुसऱ्या कारणानं.

१९८८ साली त्या गावाला सरकारनं शाळा बांधायला सांगितलं. गावाकडं पैसा नव्हता. लाकूड कंपनीला जंगल देऊन पैसा उभा करायचं ठरलं आणि झाडं पडायला सुरुवात झाली. ममाला ज्या रानात उभं होतं तेच हे रान. कॉक्स यांनी शाळेचं कर्ज फेडायची जबाबदारी स्वतःवर घेतली, घरच्यांनी आणि मित्रांनी पैसे उभे केले, आणि गावानं त्या बदल्यात सुमारे ३०,००० एकर जंगल ५० वर्षं न तोडण्याचा करार केला. गावचे प्रमुख फुइओनो सेनिओ हातात कोयता घेऊन झाडं तोडणाऱ्यांना थांबवायला धावले होते. १९९७ साली त्या दोघांना मिळून गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. मधल्या काळात १९९० आणि १९९१ साली दोन मोठ्या चक्रीवादळांनी ते गाव आणि ते रान पार उद्ध्वस्त केलं होतं. तरी करार टिकला.

मग २००१ साली प्रोस्ट्राटिनवर काम करणाऱ्या एड्स रिसर्च अलायन्स या अमेरिकी संस्थेनं सामोआशी करार केला की औषधातून नफा झालाच तर त्यातला २० टक्के वाटा सामोआला, आणि त्यात सरकार, फालेआलुपो गाव आणि ज्या दोन जाणत्या बायकांनी झाड दाखवलं त्यांची कुटुंबं असे सगळे वाटेकरी. २००४ साली बर्कली विद्यापीठानं ममालाची जनुकं घेऊन सूक्ष्मजीवांकडून प्रोस्ट्राटिन बनवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा तर विद्यापीठ आणि सामोआ यांनी मिळकत निम्मी निम्मी वाटून घ्यायचं मान्य केलं. झाडाच्या जनुकांवर त्या देशाचा हक्क आहे हे लेखी मान्य झालं.

यातला एकही रुपया आजवर वाटला गेलेला नाही, कारण प्रोस्ट्राटिन अजून औषध झालेलं नाही. झोपलेला साठा जागा करणाऱ्या इतर औषधांच्या माणसांवर चाचण्या झाल्या. विषाणू जागा झाला, साठा मात्र म्हणावा तसा कमी झाला नाही. काही जण म्हणतात, मग त्या करारांना काय अर्थ? मला त्यांचं म्हणणं पटत नाही. ऋण फळ आल्यावर लागू होत नाही, घेतल्याक्षणी लागतं. ज्यानं शेतात बियाणं दिलं त्याचं नाव आपण पीक यायच्या आधीच घेतो. त्या करारांनी एपेनेसाबाईंच्या कुटुंबाला वाटेकरी म्हणून कागदावर आणलं, त्या दिवशी माझ्या विषयाला एक नवी नीती मिळाली. आपल्याकडं केरळमध्ये काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीवर 'जीवनी' हे औषध निघालं तेव्हा मिळकतीचा वाटा त्यांच्या न्यासाला देण्याची सोय झाली, आणि २००२ सालचा जैविक विविधता कायदा अशाच वाटणीवर उभा आहे. माझ्या विद्यार्थ्यांना हा कायदा पाठ नसला तरी चालेल. एपेनेसाबाईंची गोष्ट त्यांना सांगता यायला हवी, असा माझा हट्ट असतो.

आत्याला ही सगळी गोष्ट मी तिच्या भाषेत सांगितली आहे. ती आता रोज रात्री डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरच्या औषधाची एक गोळी घेते, साठी ओलांडली आहे, आणि भावाच्या नातवंडांवर सत्ता गाजवते. ममालाचं ऐकून ती म्हणाली, "म्हंजी माझ्या रक्तात निजलेलं जे हाय, त्येला उठवायचं औषध त्या बायांच्या रानात हाय म्हण की." मी म्हटलं, "असू शकतं आत्या, अजून ठरलेलं नाही." ती म्हणाली, "न्हाई ठरलं तरी त्यांनी सांगितलं की. सांगाय कुनाचं तोंड बांधलं न्हवतं, पर लोक सांगत न्हाईत." तिनं स्वतः पुढं तेच केलं. केंद्रात नव्यानं येणाऱ्या बायकांच्या शेजारी ती जाऊन बसते आणि गोळीबरोबर काढा घेऊ नका म्हणून सांगते. त्या ताईंची बदली होऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे शब्द तिथं आत्याच्या तोंडून चालू आहेत.

सर निवृत्त झाल्यावर त्यांचा विषय माझ्याकडं आला. वनस्पतींचे नमुने वाळवून कागदावर चिकटवायचे, खाली लेबल लावायचं: शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. सरांच्या परवानगीनं मी त्यात एक ओळ वाढवली: कुणी दाखवली. विद्यार्थी सुरुवातीला तिथं गावाचं नाव लिहीत. आता माणसाचं लिहितात, त्या माणसाला विचारून.

गेल्या पावसाळ्यात शिराळ्याच्या डोंगराकडं आमची सहल होती. तिथं एक आजी काविळीचं औषध देतात. पैसे घेत नाहीत, आणि रोगी फारच पिवळा दिसला तर आधी सरकारी दवाखान्यात पाठवतात. त्यांनी आम्हाला ओढ्याकाठचं झुडूप दाखवलं, कुठल्या महिन्यात मूळ काढायचं ते सांगितलं, आणि काढल्यावर खड्ड्यात माती परत ढकलायला लावली. माझी एक विद्यार्थिनी लेबल लिहायला बसली आणि तिनं आजींना त्यांचं नाव विचारलं.

आजी म्हणाल्या, "माझं नगं लिवू. मला आईनं दावलं, तिचं लिव."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, लिही. आजींनी आईचं नाव सांगितलं, माहेरचं गाव सांगितलं, आणि आईला कुणी दाखवलं होतं ते आठवायला त्या तिथंच दगडावर बसल्या.